अभय आणि आत्मौपम्य : सॉफ्टवेअर-संघांच्या निमित्ताने

(मठाच्या वर्धापन-महोत्सवातील व्याख्यानाचा पाठ)

 

पाठशाळेत व्याकरण शिकविणाऱ्या मनुष्याने संगणकाच्या व्यवसायाविषयी बोलावे, हे आपणांपैकी पुष्कळांना चमत्कारिक वाटले असेल. समितीने विषय सुचविला तेव्हा मलाही तसेच वाटले होते. परंतु थोडा विचार करता ध्यानात आले की, आपल्या मठाच्या शिष्यवर्गात आज असे घर विरळा, की ज्यातील एखादा मुलगा किंवा मुलगी बंगळूर, पुणे, हैदराबाद येथे अथवा परदेशी या सॉफ्टवेअरच्या कामात नाही. ही मुले उत्सवाला येतात, तीर्थप्रसाद घेतात, आणि दुपारी अग्रशाळेच्या ओसरीवर गप्पांना बसली म्हणजे आपल्या कामाविषयी बोलू लागतात. मी कान देऊन ऐकले आहे. काम कठीण आहे अशी तक्रार त्यांच्यातले फारच थोडे करतात. बहुतेकांचे बोलणे भीतीविषयी असते. सभेत काय बोललो तर काय होईल, कोणाला काय विचारले तर आपण मूर्ख ठरू, चूक कबूल केली तर वर्षाअखेरच्या मूल्यमापनात ती कशी उगवेल. पाठशाळेत येण्यापूर्वी मी स्वतः चार वर्षे या व्यवसायात काढली आहेत. म्हणून या भीतीची चव मला ठाऊक आहे.

ज्यांचा या कामाशी संबंध आलेला नाही, त्या वडीलधाऱ्या मंडळींसाठी प्रथम इतकेच सांगतो की, सॉफ्टवेअर हे मुळात लेखन आहे. यंत्राने काय करावे, हे एका काटेकोर भाषेत लिहून ठेवावयाचे. एक जण लिहितो, दुसरा ते वाचून तपासतो, तिसरा चालवून पाहतो, चौथा ते प्रत्यक्ष वापरात आणतो. अशा सहा-आठ जणांच्या कार्यसंघाला व्यवहारात टीम म्हणतात आणि लिहिलेल्या मजकुराला कोड. यंत्राला लेखकाचा हेतू कळत नाही. जे लिहिले तेवढेच ते करते. सूत्रात एक मात्रा चुकली तर अर्थ जसा भलतीकडे जातो, तसेच येथेही होते. आणि मनुष्य लिहितो तेथे चूक होतेच. तेव्हा चूक न करणारा मनुष्य कोठे मिळेल, हा या व्यवसायातला खरा प्रश्नच नव्हे. झालेली चूक जिला प्रथम दिसते, त्या व्यक्तीच्या तोंडून ती किती लवकर बाहेर पडते, हा खरा प्रश्न होय.

माझ्या तोंडून ती पडली नाही. ती हकीकत सांगतो.

मी एका कंपनीत होतो. तिचे नाव सांगण्याचे कारण नाही. आम्ही आठ जण एका व्यापारी ग्राहकासाठी बिलांचा हिशेब करणारे सॉफ्टवेअर लिहीत होतो. कर आकारताना प्रत्येक ओळीची रक्कम आधी पूर्णांकित करून मग बेरीज करावी, की सर्व बेरीज झाल्यावर एकदाच पूर्णांकित करावे, यात फरक पडतो. एका बिलात तो फरक काही पैशांचा; हजारो बिलांत तो दुर्लक्ष करण्याजोगा राहत नाही. माझ्या एका सहकाऱ्याने लिहिलेला भाग माझ्याकडे वाचनासाठी आला, तेव्हा हे उलटे झाले आहे असे मला वाटले. 'वाटले' असे म्हणतो, कारण खात्री नव्हती; विचारावयास हवे होते. परंतु आदल्याच आठवड्यात आमच्या एका सहकारी मुलीने भर सभेत अशीच एक शंका विचारली होती, आणि आमचे प्रमुख तिला म्हणाले होते, "हे विचारण्याआधी जरा वाचून यायचे होते." सगळे हसले. मीही हसलो. ते हसू माझ्या घशात अडकून राहिले होते. मी कोडाला संमती दिली.

तीन आठवड्यांनी ग्राहकाच्या हिशेबनिसाने ती चूक पकडली. मग सभा झाली. हे कोणी लिहिले, याचा शोध झाला. ज्याने लिहिले होते तो मान खाली घालून बसला होता. मला हे आधी दिसले होते, हे मी तेव्हाही बोललो नाही. तो मुलगा काही महिन्यांनी नोकरी सोडून गेला. आज या व्यासपीठावरून हे प्रथमच जाहीरपणे सांगतो आहे. आमचे प्रमुख दुष्ट होते असे मात्र कृपा करून समजू नका. रात्री अकरा वाजेपर्यंत थांबावे लागले तर आमच्यासाठी स्वतःच्या पैशाने जेवण मागविणारे तेच होते. एका वाक्याने त्यांनी आठ माणसांची तोंडे बंद केली, हे त्यांना कळलेही नसेल.

या तोंड बंद होण्याचा शास्त्रीय अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतील एमी एडमंडसन या विदुषी रुग्णालयांतील परिचारिकांच्या संघांचा अभ्यास करीत होत्या. ज्या संघात परस्परसंबंध चांगले, नेतृत्व चांगले, तेथे औषधे देण्यातील चुका कमी आढळतील, अशी त्यांची अपेक्षा. आढळले उलटेच. चांगल्या संघांत नोंदलेल्या चुका अधिक! पुढे निराळ्या निरीक्षकाकडून पाहणी केल्यावर उलगडा झाला. त्या संघांत चुका अधिक घडत होत्या असे मानण्याचे कारण नव्हते. तेथे त्या अधिक सांगितल्या जात होत्या. इतरत्र त्या झाकल्या जात, म्हणून आकडा लहान. हा निबंध 1996 साली प्रसिद्ध झाला. 1999 साली त्यांनी एका कारखानदारी कंपनीतील 51 संघांच्या अभ्यासावरून या गोष्टीला नाव व लक्षण दिले. आपल्या संघात बोलण्याचा धोका पत्करला तरी आपली मानखंडना होणार नाही, असा सर्वांचा मिळून असलेला विश्वास, असे ते लक्षण थोडक्यात सांगता येईल. गूगल कंपनीने 2012 पासून आपल्या सुमारे 180 संघांची पाहणी केली, तेव्हा उत्तम संघांच्या लक्षणांत हेच अग्रस्थानी आले. इंग्रजी संज्ञेचे 'मानसशास्त्रीय सुरक्षितता' असे भाषांतर करतात. मला ते ओबडधोबड वाटते. आपल्याकडे त्यासाठी 'अभय' हा शब्द आहे, आणि गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना त्याच शब्दापासून सुरू होते. मी आज तोच वापरीन.

संगणकाच्या क्षेत्रात मात्र हे कोणाला सुचलेच नव्हते, असे नाही. जेराल्ड वाइनबर्ग यांनी 1971 साली प्रोग्रामलेखनाच्या मानसशास्त्रावर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी अहंकाररहित प्रोग्रामलेखनाची कल्पना मांडली. त्या ग्रंथात एक प्रसंग आहे. एका लेखकाने आपला कोड सहकारी स्त्रीस तपासावयास दिला आणि तिला अवघ्या 13 विधानांत 17 चुका सापडल्या. दुसरा कोणी असता तर तोंड लपवून बसला असता. या गृहस्थाने ही गोष्ट दिवसभर भेटेल त्याला हसत हसत सांगितली. तो असे का करू शकला? कोड म्हणजे आपण नव्हे, हे त्याला उमगले होते. कृतीतील दोष आणि कर्त्याची किंमत यांची त्याने गाठ बांधली नव्हती. वेदांताच्या विद्यार्थ्याला हे तत्त्व नवे नाही. फक्त कार्यालयात जाताना आपण ते घरी ठेवून जातो.

आता एक अलीकडचे उदाहरण, आणि ते मी जरा विस्ताराने सांगणार आहे. कारण त्यात सगळा विषय सामावलेला आहे.

गिटलॅब नावाची एक कंपनी आहे. इतरांनी लिहिलेला कोड सुरक्षित जतन करून ठेवणे, हा तिचा व्यवसाय. 31 जानेवारी 2017 रोजी तेथील एक अभियंता रात्री उशिरापर्यंत काम करीत होता. माहितीचा मुख्य साठा एका सर्व्हरवर आणि त्याची सतत अद्ययावत होणारी प्रत दुसऱ्यावर, अशी व्यवस्था होती. प्रत मागे पडू लागली होती. ती नव्याने भरावी म्हणून दुसऱ्या सर्व्हरवरचा एक कप्पा पुसून टाकण्याची आज्ञा त्याने दिली. ती गेली मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत त्याच्या ध्यानात आले आणि त्याने ती थांबविली. पण तेवढ्यात सुमारे 300 गिगाबाइटपैकी जेमतेम साडेचार उरले होते.

भक्तजनहो, त्या क्षणी त्या माणसाच्या पोटात काय झाले असेल याची कल्पना करा. देवघरात एकटे असताना हातून समई पडून पडदा पेटावा आणि घरात सगळे निजलेले असावेत, तशी ती वेळ. हाक मारावी, की आपणच विझविण्याचा प्रयत्न करावा? त्याने हाक मारली. मग राखीव प्रतींचा शोध सुरू झाला. बॅकअपच्या निरनिराळ्या व्यवस्था होत्या, परंतु गरजेच्या वेळी त्यांतली एकही अपेक्षेप्रमाणे उपयोगी पडली नाही. रोजची प्रत घेणारा प्रोग्राम आवृत्तीच्या विसंगतीमुळे निष्फळ होत होता, आणि तो निष्फळ होत असल्याची सूचना देणारी पत्रेही कोणास पोचत नव्हती. अखेर कामी आली ती सुमारे सहा तासांपूर्वीची एक प्रत. ती कोणी घेतली होती? त्याच अभियंत्याने, दुसऱ्या काही कामासाठी, स्वतःच्या हाताने. त्या सहा तासांतली माहिती गेली ती गेलीच. बाकी सर्व दुसऱ्या दिवशी उभे राहिले.

यानंतर कंपनीने जे केले ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. दुरुस्ती चालू असतानाच तिने आपली टिपणे सर्व जगाला वाचावयास खुली केली आणि काम यूट्यूबवर प्रत्यक्ष दाखविले. पुढे फेब्रुवारीत सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. त्यात त्या अभियंत्याचे नाव नाही. 'संघ-सदस्य 1' एवढाच उल्लेख आहे. त्याला काढून टाकले नाही. अहवालाने विचारले ते असे : दोन सर्व्हरांमध्ये घोटाळा होऊ शकेल अशी मांडणी का होती? बॅकअप नीट होतात की नाही, हे पाहण्याची जबाबदारी कोणाकडे होती? उत्तर होते, कोणाकडेच नाही. आता विचार करा, त्याच रात्री त्या एका माणसाला दोषी ठरवून घरी पाठविले असते, तर हा दुसरा प्रश्न विचारला गेला असता काय?

याच्या उलट चित्र ब्रिटनच्या टपालखात्याचे आहे. 1999 पासून तेथील टपालकचेऱ्यांत होरायझन नावाची हिशेबाची संगणकप्रणाली आली. तिच्या हिशेबात कचेऱ्यांमध्ये तुटी दिसू लागल्या, आणि खात्याने त्या तुटी कचेरी चालविणाऱ्या लोकांच्या माथी मारल्या. 2015 पर्यंत 900 हून अधिक लोक चोरी, अफरातफर अशा गुन्ह्यांखाली दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, कित्येकांची घरेदारे गेली. प्रणालीत दोष आहेत हे आत काही जणांना ठाऊक होते, ही गोष्ट पुढे चौकशीत उघड झाली. डिसेंबर 2019 मध्ये उच्च न्यायालयाने ते दोष मान्य केले आणि 2024 मध्ये पार्लमेंटला कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या. आमच्या बिलांतले पैसे आणि ही उद्ध्वस्त घरे यांची तुलना होऊ शकत नाही. तरी मुळाशी मला तीच गोष्ट दिसते : कोणाला तरी काही तरी दिसले होते, आणि ते वेळेवर, मोठ्याने, बोलले गेले नाही.

येथे कोणी विचारील की, भीतीच नाहीशी केली तर शिस्त कशी राहील? चूक झाली तरी चालते, असे माणसे समजू लागतील. हा पूर्वपक्ष दुबळा नाही. एडमंडसन यांनीही त्याचा विचार केला आहे. कामाचा दर्जा आणि अभय या दोन स्वतंत्र गोष्टी असून दोन्ही एकदम उच्च ठेवता येतात, किंबहुना ठेवल्याच पाहिजेत, असे त्या सांगतात. मला यापेक्षा आपल्या वैदिकांचे उदाहरण अधिक पटते. पारायणात एखाद्याचा स्वर चुकला तर शेजारचे तत्क्षणी शुद्ध स्वर उच्चारतात. तो तो उचलतो आणि पुढे जातो. कोणी रागावत नाही, कोणी खजील होत नाही. पण चूक खपवूनही घेतली जात नाही. पद, क्रम, जटा, घन असे पाठाचे कडक प्रकार ज्यांनी रचले, त्यांच्या दर्जाविषयी शंका कोण घेईल?

मात्र सारे आधुनिक ज्ञान आपल्या ग्रंथांत होतेच, असे म्हणण्याचा मोह मी टाळतो. आपल्या पाठशाळांत छडीही होती, आणि गुरुजींपुढे तोंड न उघडण्याला विनय समजण्याची खोडही होती. कार्यालयांत आज आपली मुले "समजले का?" या प्रश्नाला एकमुखाने "होय" म्हणतात, ते शिक्षण त्यांना आपणच दिलेले आहे. पण त्याच परंपरेत दुसराही प्रवाह आहे. छांदोग्यातील सत्यकाम जाबाल गोत्र विचारल्यावर आपल्याला ते ठाऊक नाही, असे सरळ सांगतो. आणि हारिद्रुमत गौतम त्या सत्यासाठीच त्याला जवळ करतात. त्याच उपनिषदात श्वेतकेतू राजाच्या पाच प्रश्नांपुढे निरुत्तर होऊन पित्याकडे तक्रार घेऊन येतो, तेव्हा पिता त्याला सांगतो की यांतले मलाही माहीत नाही. आणि स्वतः राजाकडे शिकावयास जातो. ज्येष्ठाने प्रथम 'मला माहीत नाही' म्हणावे, म्हणजे कनिष्ठाची जीभ सुटते. माझ्या व्याकरणशास्त्रात तर हे पद्धतीलाच पोचले आहे. पाणिनीच्या सुमारे 4000 सूत्रांवर कात्यायनाने वार्त्तिके रचली. उक्त, अनुक्त आणि दुरुक्त यांचा विचार करणे, हे वार्त्तिकाचे लक्षणच मानले जाते. म्हणजे सूत्रकाराचे कोठे राहून गेले, कोठे चुकले, हे शोधणे. पतंजलीने त्यावर पुन्हा भाष्य करून कित्येक ठिकाणी कात्यायनाचीच उजळणी घेतली. आणि तरीही कात्यायन पाणिनीचा उल्लेख 'भगवान्' असा करतो. तपासणी निर्दय असावी आणि आदर अभंग असावा, हे दोन्ही एका ठिकाणी नांदू शकतात, याला यापेक्षा मोठा पुरावा मजजवळ नाही.

आता दुसरा शब्द, आत्मौपम्य. गीतेच्या सहाव्या अध्यायात तो येतो. दुसऱ्याचे सुखदुःख स्वतःच्या उपमेने जाणणे, असा त्याचा भाव. लिनक्स नावाची जगप्रसिद्ध प्रणाली 1991 साली सुरू करणारे लिनस टॉरवाल्ड्स आपल्या तिखट जिभेसाठी ख्यात होते. सप्टेंबर 2018 मध्ये त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना जाहीर पत्र लिहून वागण्याबद्दल क्षमा मागितली, आणि इतरांच्या भावना समजून घेण्यासाठी मदत घेणार असे सांगून काही काळ कामातून रजा घेतली. पुढच्या महिन्यात ते परत आले. त्यांची तांत्रिक मते पुष्कळदा योग्य असत. पण बोलणे कोडावरून घसरून माणसावर जाई.

कोड तपासताना "एवढेही कळत नाही का?" असे लिहिण्याऐवजी "येथे बेरीज शून्य आली तर काय होईल?" असे लिहिता येते. दुसऱ्या वाक्यात तपासणी अधिक कडक आहे, हे लक्षात घ्या. सभेत "समजले का?" असे न विचारता "मी कोणता भाग नीट सांगितला नाही?" असे विचारता येते. आणि गप्प बसलेल्या मुलाकडे पाहता येते. तो मराठी किंवा कन्नड शाळेत शिकलेला असतो. सभा इंग्रजीत चाललेली असते. चूक त्याला दिसलेली असते. पण ती सांगण्यापूर्वी त्याला मनात वाक्य जुळवावे लागते, आणि ते जुळेपर्यंत सभा पुढच्या विषयावर गेलेली असते. प्रमुखाच्या टिपणात त्याच्यापुढे 'पुढाकार नाही' असा शेरा पडतो. हे मी स्वतः भोगले आहे, आणि दुर्दैवाने दुसऱ्याविषयी असा शेरा मारणाऱ्यांत एकदा मीही होतो.

पाठशाळेत आलो तेव्हा वाटले की, आता हे सर्व मागे राहिले. गेल्या वर्षी लघुकौमुदीचा पाठ चालू होता. घाईत मी फळ्यावर 'पुनर् रमते' याचा संधी 'पुनो रमते' असा लिहिला. 'मनोरथ' डोक्यात घोळत होता, त्याचा परिणाम. खरे रूप 'पुना रमते'. रेफापुढे रेफ आल्यावर पहिल्याचा लोप आणि मागील स्वराला दीर्घ. प्रारंभीच्या विद्यार्थ्याचीही ही चूक होऊ नये. वर्गात कोणी काही बोलले नाही. संध्याकाळी वह्या तपासताना तेरा वर्षांच्या एका मुलाच्या वहीत 'पुनो रमते' शाईने उतरविलेले दिसले, आणि त्याच्याखाली पेन्सिलीने, अगदी बारीक अक्षरांत, 'पुना रमते'. मी त्याला बोलावून विचारले, "बाळ, तुला ठाऊक होते, तर सांगितले का नाहीस?" तो म्हणाला, "गुरुजी, तुम्हाला कसे सांगणार?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी पुन्हा त्या सभेत बसलो होतो. या वेळी प्रमुखाच्या जागेवर.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन्ही रूपे लिहून माझी चूक कोणती आणि ती कशाने झाली, हे वर्गाला सांगितले. मुले खाली पाहत राहिली. नंतरचे आठ दिवस रोज विचारीत होतो की, काल मी काय चुकलो. कोणीच काही सांगेना. मी त्यांना दोष देत नाही. अभय मागून मिळत नाही, आणि एका दिवसात तर नाहीच. नवव्या दिवशी पाठ चालू असता मागच्या रांगेतून त्याच मुलाने हात वर केला आणि म्हणाला, "गुरुजी, तुम्ही हे सूत्र येथे लावलेत ते चुकले आहे." सगळा वर्ग श्वास रोखून माझ्याकडे पाहू लागला. या वेळी चूक माझी नव्हती, त्याचीच होती. मी पुस्तक घेऊन त्याच्याशेजारी जमिनीवर बसलो आणि म्हणालो, "बरे झाले विचारलेस. चल, दोघे मिळून वृत्ती पाहू."